पहिल्या माडापर्यंत

त्या दिवशी सकाळी मी आणि बायको वाडीत चालून आलो आणि मागच्या पडवीत चहा घेतला. तिनं कपात पाव बुडवला, अर्धा खाल्ला आणि उरलेला माझ्या बशीत टाकला. "तुमी चालून आलात, तुमाला भूक लागली आसंल," म्हणाली. जशी काय ती चाललीच नव्हती. मी तो पाव खाल्ला. तुला का नको, एवढंही विचारलं नाही. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम हे. त्यात लिहिण्यासारखं काही नाही. पण तो अर्धा पाव अजून घशात आहे.

दुपारी ती त्याच पडवीत चटईवर आडवी झाली ती उठली नाही. मी पुढच्या ओटीवरून पाणी आण म्हणून हाका मारत होतो. पहिली हाक साधी मारली, नंतरची चिडून. मग स्वतःच उठून गेलो. भिंत धरली नाही, काठी घेतली नाही, सरळ चालत गेलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण सगळं दुखणं तिथंच आहे. काही वर्षांपूर्वी मला असं उठून जाता आलं नसतं. ज्या पायांनी मी तिच्याजवळ गेलो, ते पाय तिनं करून दिले होते. तिचे मात्र संपत आले होते आणि मला ते दिसलं नाही. रोज सकाळी माझ्या मागून चालत होती तरी दिसलं नाही.

माझी शाळा चौथीपर्यंत. लिहायची सवय नाही, जमेल तसं लिहितो.

मी पाडेली. दिवेआगरात लोकांच्या वाड्यांतले नारळ-सुपारी काढायचं काम जन्मभर केलं. पायात दोरीचा फास, कमरेला कोयता, की चढलो. पोफळीवर एकदा चढलं की आम्ही खाली उतरत नाही. शेंड्यावरनं झोका घ्यायचा, शेजारची पोफळ पकडायची आणि तिच्यावर जायचं. अशी रांगच्या रांग वरच्या वर करायची. खालून पाव्हणे लोक मान वर करून बघायचे, फोटो काढायचे. मला मोठी घमेंड होती. जमिनीवर चालणं हे बायकांचं आणि गुरांचं काम, असं मी बोलायचो. तिच्या तोंडावर बोलायचो.

मग ते वादळ आलं. अर्ध्या दिवसात वाड्या झोपल्या. आमची स्वतःची एवढीशी वाडी, तिच्यातल्या बऱ्याच पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या पडल्या. माडही गेले. राहिले ते वाकडेतिकडे. चढायला झाड नाही तर पाडेली करणार काय? मी ओटीवर बसलो. आज बसलो, उद्या बसलो, मग बसायचीच सवय लागली. तिनं पडलेल्या पोफळींच्या जागी रोपं लावली, आळी केली, शिंपण केलं. मी खुर्चीत बसून सांगायचो, हे रोप तिरकं लागलंय. ती म्हणायची, "या आन् सरळ करा." मी जात नसे.

असं करत करत अंग जड झालं. गुडघे धरले. साखर निघाली. एक दिवस पाटावर जेवायला बसलो आणि जेवून उठायला गेलो तर उठता येईना. आधी मला वाटलं पायाला मुंग्या आल्यात. एक हात जमिनीला, एक भिंतीला, तरी बूड उचलेना. समोर उष्टं ताट. मी तिला हाक मारायचीही लाज वाटून बसून राहिलो. ती ताट न्यायला आली तेव्हा कळलं तिला. काखेत हात घालून तिनं मला उभं केलं. माझ्या निम्म्यानं तिचं वजन.

"कोणाला सांगू नको," मी म्हणालो.

"कोणाला सांगू? माडाला?" ती म्हणाली.

श्रीवर्धनच्या डॉक्टरांकडे तीच घेऊन गेली. डॉक्टर तरुण होते, बोलायला बरे. म्हणाले, "काका, रोज अर्धा तास चालायचं. नाही चाललात तर पुढं दुसऱ्यांच्या आधारानं चालावं लागेल." मग तिच्याकडं बघून विचारलं, "मावशी, तुमचं काय? तुम्हाला काही त्रास?" ती तोंड उघडणार तेवढ्यात मीच बोललो, "तिला काय धाड भरलीय? ती घोडी हाय नुसती." डॉक्टर हसले. तीही हसली. तेव्हा तिला काय सांगायचं होतं, हे आता कोणाला विचारू?

घरी येऊन मी अर्धा तास चालायला निघालो. पडवीच्या पायऱ्या उतरलो, विहिरीपर्यंत गेलो आणि कट्ट्यावर बसलो. छातीचा भाता झाला होता. दुसऱ्या दिवशी म्हणालो, मला न्हाय जमत. तिसऱ्या दिवशी उठलोच नाही.

तेव्हा ती म्हणाली, "तो अर्धा तास घाला खड्ड्यात. पहिल्या माडापर्यंत चला."

पहिला माड म्हणजे पडवीसमोरचाच. वादळात वाचलेला. पायरीवरून थुंकलं तर बुंध्यावर पडेल इतका जवळ.

"त्या माडाच्या शेंड्यावर उभा राहिलेला माणूस हाय मी," मी म्हणालो. "आन् तू मला त्याच्या बुंध्यापर्यंत चालायला सांगतेस?"

"व्हय. जन्मभर उभे चढलात, आता आडवे चढा."

गेलो. बुंध्याला हात लावला आणि परत आलो. एवढंच. मला हसू आलं, थोडी शिवीही आली. पण दम लागला नाही. दुसऱ्या दिवशीही तेवढंच. तिसऱ्या दिवशी मी पुढच्या माडाकडं निघालो तर तिनं शर्ट धरून मागं ओढलं. "आज न्हाय. बुडाला मुळी फुटल्या बिगर झाड वर जातंय व्हय?" ही रोपं लावणारी बाई. तिला घाई कशी ती माहीत नव्हती. मी पुढच्या माडापर्यंत आरामात जाऊन येईन हे तिला पटलं, की मगच तिथं जायचं. तिथल्या बुंध्याला ती जुन्या लुगड्याची एक चिंधी बांधायची. पुढचा माड जमला की चिंधी सोडून तिकडं. चिंधी एकदा पुढं गेली की मागं आणायची नाही, हा तिचा कायदा. आणि दुसरा कायदा असा, की ज्या दिवशी अंगात काही नाही, ताप असो, पाऊस असो, भांडण असो, त्या दिवशी चिंधीपर्यंत नका जाऊ, पण पहिल्या माडाला हात लावायचाच. "हात लावा आन् या. मंग दिवसभर लोळा, मी काय बोलायची न्हाय."

भांडणाच्या दिवशीही मी हात लावून यायचो. तिच्याकडं न बघता. ती पडवीतल्या चुलीपाशी भाकरी थापता थापता खिडकीतून बघायची, लावला का.

उठण्याचंही तिनंच बसवलं. आधी खुर्चीतून हात न टेकता उठायचं. ते जमलं की स्टुलावरून. मग दोन पाट एकावर एक. मग एक पाट. "पाय मागं घ्या. नाक गुडघ्याच्या म्होरं काढा. आता उठा." मी म्हणायचो, "नाकानं उठायचं का ढुंगणानं?" ती म्हणायची, "तुमचं नाकच जड हाय, ते आधी म्होरं जाऊ दे." एका गणपतीत मी खाली जमिनीवर आरतीला बसलो आणि हात न टेकता उठलो. कोणाच्या ध्यानातही आलं नाही. आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं फक्त.

चिंधी पुढं पुढं गेली. माडांची रांग संपली, पोफळींची लागली, मग तिच्या रोपांची. वाडीचा शेवट म्हणजे सुरूच्या झाडांचं कुंपण, त्याच्यापलीकडं वाळू. मी काठी सोडली. डॉक्टरांनी साखरेमुळं पायात चप्पल घालून चालायला सांगितलं होतं, म्हणून मी रबरी चप्पल घालून चालायचो. ती अनवाणी, कायमची. मी पुढं, ती मागं.

इथून पुढचं लिहायला बरं वाटत नाही.

माझे पाय आले तशी माझी घमेंडही परत आली. मी भराभर चालायला लागलो. किनाऱ्यावर सकाळी मुंबईचे पाव्हणे हाताला घड्याळं बांधून पळतात, त्यांना मी कुंपणावरून हात करायचो. आणि मागं वळून बघावं तर ही खाली वाकलेली. वाडीतली बाई मोकळ्या हातानं कधी चालत नाही. पडलेली सुपारी दिसली की उचलायची, पोफळीच्या पानाची गळलेली विरी दिसली की उचलायची, झावळी असली तर ओढत आणायची. मला वाटलं, तेच चाललंय. मी ओरडायचो, "काय मोती वेचतेस गं?"

"मोतीच," ती खालूनच म्हणायची. "तुमाला दिसतील तर ना."

"मग मोती घेऊन सावकाश ये. मी आलो कुंपणाला हात लावून."

"या."

रोज हेच. गंमत वाटायची मला. म्हातारपणी बायकोच्या पुढं चालतोय, ही काय थोडी गोष्ट? दुकानात बसून सांगायचो सुद्धा, आता आमची ही मागं राहते म्हणून. लोक हसायचे. मी त्यांच्यापेक्षा मोठ्यानं हसायचो.

शेवटच्या दिवशी ती रोपांच्या रांगेपलीकडं आलीच नाही. तिथं वादळात पडलेला एक माडाचा ओंडका अजून तसाच आडवा आहे, त्याच्यावर बसली. म्हणाली, "तुमी व्हा म्होरं. मी बसते वाईच." मी म्हणालो, "बस, बस. म्हातारी झालीस." कुंपणाला हात लावून आलो, ती उठली, आम्ही विहिरीच्या अंगानं घरी आलो. मग तो चहा आणि पाव.

आमची लेक मुरुडला दिलेली. ती आगरदांड्याहून फेरीबोट धरून दिघीला उतरली आणि तिथून रिक्षानं आली. तोवर तिच्या आईला तशीच ठेवली. संध्याकाळ व्हायच्या आत सगळं उरकलं. पुतण्यानं माझा दंड धरला होता स्मशानापर्यंत. मी म्हणालो, "सोड, मला चालता येतंय." आणि बोलल्याबरोबर तोंडात माती पडल्यासारखं झालं. चालता येतंय. ती खांद्यावर आणि मला चालता येतंय.

आमच्याकडं माणूस जातं त्या जागी दिवा लावून ठेवतात. दिव्याजवळ पीठ पसरतात आणि त्यावर टोपली पालथी घालतात. सकाळी टोपली उचलून बघायचं, पिठावर काय उमटलंय. पाखराचा पाय, गाईचा खूर, माणसाचं पाऊल. त्यावरून गेलेलं माणूस पुढं कुठं गेलं ते कळतं म्हणतात. लेकीनं पडवीत पीठ पसरलं. तिच्या आईनं चक्कीतून आणलेलं तांदळाचं पीठ, आदल्या दिवशीच आणलेलं.

सकाळी बायका जमल्या. टोपली उचलली. शेजारची वहिनी खाली वाकली आणि म्हणाली, "पाखरू हाय. बघा, तीन बोटं."

"पाखरू कुठलं," दुसरी म्हणाली. "ह्यो तर पायाचा अंगठा."

"अंगठा एवढा व्हय?"

"मंग मुंगी फिरली आसंल."

"गप गं. बाबा बसलेत."

मी बसलो होतो खाली, चटईवर. सुतकात खालीच बसायचं. मी ठरवलं होतं आता उठायचं नाही. हे पाय जिनं केले ती राहिली नाही, तर त्यांना चालवून कोणाला दाखवायचं? बसलो की पुन्हा जड होतील, गुडघे धरतील. धरू देत. बरोबर होईल ते. तिच्यावर अन्याय तरी होणार नाही. असं डोक्यात चाललं होतं आणि पिठावरचं पाऊल शोधणाऱ्या बायकांचा राग येत होता.

तेवढ्यात नजर खिडकीतून बाहेर गेली. तिथून पहिला माड दिसतो. ती भाकरी थापताना ज्या खिडकीतून बघायची, तीच ती खिडकी.

मी उठलो. पाय मागं घेतले, नाक पुढं काढलं, उठलो. लेक म्हणाली, "बाबा, कुठं?" मी म्हणालो, "आलो." वहिनी तिला हळूच म्हणाली, "जाऊ दे, परसाकडं जात आसतील." मी चप्पल न घालता पायऱ्या उतरलो आणि माडाला हात लावला.

कायदा पुरा झाला होता. परत फिरायला हरकत नव्हती. पण आत त्या बायका होत्या, ते पीठ होतं. मी तसाच पुढं गेलो. हळू. पायात चप्पल नव्हती म्हणून खाली बघून टाकत होतो पावलं.

आदल्या दिवशी चालायला निघायच्या आधी तिनं रोपांना पाणी सोडलं होतं. आळ्यांच्या कडेची माती वरून सुकली होती, पण आत मऊ होती. तिरडीचे बांबू पुतण्यानं दुसऱ्या अंगानं, विहिरीच्या बाजूनं तोडून नेले होते, त्यामुळं इकडं कोणाचा पाय लागला नव्हता. माझ्या चपलेचे ठसे सरळ गेले होते. एकापुढं एक, लांब लांब, कुठं थांबलेले नाहीत. त्यांच्या कडेनं तिचे अनवाणी. पहिल्या रोपापाशी तिचे दोन्ही पाय जोडून उमटलेले, खोल रुतलेले. माणूस वाकून, गुडघ्यावर हात टेकून उभं राहिलं की रुततात तसे. मग चार पावलं. पुढच्या रोपापाशी पुन्हा दोन्ही पाय जोडून. त्याच्या पुढच्यापाशी पुन्हा.

त्या रोपांना अजून सुपारी लागलेली नाही. विरीही गळत नाही एवढ्यात. तिथं वेचायला खाली काहीसुद्धा पडत नाही. जन्मभर सुपारी काढली मी. कुठल्या झाडाखाली काय पडतं हे डोळे मिटून सांगतो. ती रोज त्या रिकाम्या आळ्यांवर वाकत होती, आणि मी पुढं उभा राहून विचारत होतो, काय मोती वेचतेस गं.

मी पहिल्या रोपापाशी उभा राहिलो. तिच्या पावलांच्या शेजारी, पाय जोडून. वाकलो, गुडघ्यावर हात टेकले. मला दम नव्हता लागला. तरी तिला जेवढा वेळ लागत असेल तेवढा थांबलो. तिला किती लागायचा, हे मला माहीत नाही, म्हणून जरा जास्तच थांबलो. मग पुढच्या रोपापाशी. मग त्याच्या पुढच्या. कुठल्याच रोपाला सोडलं नाही. रांग संपायला इतका वेळ लागला की उन्हं वर आली.

ओंडक्याजवळ तिची पावलं संपली. तिथून पुढं कुंपणाकडं फक्त माझी चप्पल गेलेली. कुंपणाच्या सुरूला बांधलेली चिंधी तिथून दिसत होती, वाऱ्यावर हलत होती. मी तिकडं गेलो नाही. ओंडक्यावर बसलो, ती बसली होती तिथं.

लेक शोधत आली. धापा टाकत. "बाबा, एवढा येळ? लोकं येऊन बसलीत. चहा घेऊन आलीत शेजारची, तुमच्या बिगर कोण पीत न्हाय."

"आलो," मी म्हणालो.

तिनं माझ्या काखेत हात घातला, तिची आई घालायची तसाच. मी म्हणालो, "राहू दे." पाय मागं घेतले, नाक पुढं काढलं, उठलो.

"आईला दम लागायचा, तुला ठाऊक होतं?" मी विचारलं.

ती म्हणाली, "एकदा फोनवर बोलली होती. मी म्हणलं, बाबांना सांग. तर म्हणाली, आता कुठं चालाय लागलेत, बसतील पुन्हा."

लेक पुढं निघाली, वाटेच्या मधोमध. मी तिचा हात धरून तिला बाजूला घेतलं. तिनं बघितलं माझ्याकडं, मग खाली बघितलं आणि तिला दिसलं.

आम्ही दोघं गवतातून, कडेकडेनं घरी आलो. पडवीच्या पायऱ्या चढायच्या आधी मी पहिल्या माडाला पुन्हा एकदा हात लावला.